यादीतलं पहिलं नाव

देवरामदादांना मस्कतचा व्हिसा मिळाला ते साल अठ्ठ्याहत्तर. दादांचं घर सातपूरच्या कामगार वसाहतीत, आमच्या भिंतीला लागून. माझ्या आईने त्यांना ओवाळलं. "हातात कसब आहे, मग जाऊ दे की कुठंही," असं जो तो म्हणत होता.

दादा सुरगाण्याकडचे, कोकणा आदिवासी. त्यांचा पाडा गुजरातच्या हद्दीवर. पाड्यावर शाळा नव्हती म्हणून ते पलीकडच्या डांगातल्या आश्रमशाळेत शिकले, मग नाशिकला येऊन आयटीआयमधून वेल्डर झाले. चार वर्षं मस्कतला तेलाचे पाइप जोडून परतले आणि सातपूरच्याच एका वर्कशॉपात फोरमन झाले. पुढे मला तिथे टायपिस्टची नोकरी लागली, तीही त्यांच्याच शब्दावर.

मस्कतबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी सांगितलं. एका सकाळी लेबर खात्याची माणसं साइटवर आली आणि सगळ्यांना उन्हात रांगेने उभं करून कार्डं तपासू लागली. दादांचा जोडीदार कुट्टी, मलबारी. त्याच्या कार्डाची मुदत कंपनीने वाढवूनच घेतली नव्हती. त्याला जीपमध्ये बसवून नेलं.

"चूक कंपनीची, न् गेला तो," दादा म्हणाले. "त्याचा अर्धा राहिलेला जोड मी पुरा केला. जोड चांगला आला." एवढं बोलून डबा बंद केला नि उठले.

शहाऐंशी साली सातपुरात वेगळीच बोलणी सुरू झाली. चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, पेपरातल्या वाचकांच्या पत्रांत एकच विषय: कारखाने आमच्या जमिनीवर आणि नोकऱ्या बाहेरच्यांना. मलाही ते पटत होतं. माझा धाकटा भाऊ मल्हारी आयटीआय होऊन दोन वर्षं घरी बसला होता, आणि आमच्या वर्कशॉपात बलियाहून आलेला रामबचन वेल्डिंग करत होता. सह्यांचा कागद वसाहतीत फिरला तेव्हा आमच्या घरातल्या चौघांनी सह्या केल्या.

मग तो कागद घेऊन एक शिष्टमंडळ आमच्या मालकांकडे, खंडेराव साहेबांकडे आलं. आठ दिवसांत यादी पाहिजे, म्हणाले. कोण कुठला आणि पंधरा वर्षं इथे राहिल्याचा पुरावा कुणाकडे नाही. साहेब स्वभावाने भित्रे. त्यांनी ते काम दादांवर ढकललं. "पुरावा नसेल त्याला काढावं लागेल," असंही सांगितलं.

दादांनी तीन दिवस एकेकाजवळ बसून रेशनकार्डं आणि दाखले पाहिले. चौथ्या दिवशी हाताने लिहिलेली यादी माझ्या टेबलावर ठेवली. एकतीस कामगारांपैकी सात जणांकडे पुरावा नव्हता. त्या सातांत पहिलं नाव होतं देवराम गावित. शाळेचा दाखला गुजराती. चार वर्षं परदेशात, म्हणून सलग वास्तव्य नाही.

"दादा, हे काय? तुम्ही तर इथलेच!"

"कागद तसं म्हणत नाय, सुमन. तू टाइप कर."

"पण तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"म्हणूनच लिवलंय."

मी टाइप करायला घेतलं. रामबचनच्या नावाशी आले तेव्हा मान वर करवेना; तो खिडकीबाहेर टाकीचा जोड घासत होता.

शनिवारी शिष्टमंडळ आलं. यादी वाचून त्यांचा पुढारी हसला. "गावित आमचेच. हे नाव खोडा."

दादा उभेच होते. "कशावरनं तुमचा? कागद पाहून का तोंड पाहून?"

पुढाऱ्याने यादी पुन्हा उलटून पाहिली.

"कागद पाहणार असाल तर आधी मी जातो. काम पाहणार असाल तर बाहेर चला. ती टाकी या सात जणांनी केलीय, निफाडकडच्या साखर कारखान्यासाठी. पाणी भरून ठेवलंय. एक थेंब गळताना दाखवा."

सगळे बाहेर गेले. पुढाऱ्याने जोडावरून अंगठा फिरवला. अंगठा कोरडा निघाला.

"पोरांना काम नाय, हे खरं हाय," दादा हळू आवाजात म्हणाले. "माझ्या पाड्यावरची माणसंबी पोटासाठी द्राक्षं छाटायला दिंडोरीला उतरतात. साहेब, नव्या जागा निघतील तेव्हा आधी इथल्या पोरांना घ्या. सुट्टीनंतर रोज एक तास मी शिकवतो. पण कामावरचा माणूस काढायचा नाय."

दादा बोलले आणि साहेबांनाही बळ आलं. त्यांनी सर्वांसमोर यादी घडी करून खिशात घातली. एकालाही काढलं नाही. वसाहतीत मात्र सगळ्यांना हे रुचलं नाही. दोन घरांनी दादांशी बोलणं सोडलं, आणि नळावर बायका त्यांना 'बाहेरच्यांचा वकील' म्हणू लागल्या. दादांनी ते कानाआड केलं.

मल्हारी कुरकुरतच त्यांच्याकडे शिकायला गेला. परीक्षेसाठी जोडलेली पट्टी वाकवून पाहिली तेव्हा त्याचा जोड दोनदा तडकला. तिसऱ्यांदा टिकला आणि तो कामावर लागला. रामबचन वर्षभराने आपणहून वापीला गेला, तेव्हा त्याला एसटी स्टँडवर सोडायला मल्हारीच गेला होता.

सातपूरचं मत दादांनी बदललं असं मी म्हणणार नाही. माझंही एका दिवसात बदललं नाही. पण कुठे नोकरी करतेस असं कुणी विचारलं, की मी पाटीवरचं नाव सांगत नसे. देवराम गावितांच्या वर्कशॉपात, असं सांगे, आणि मान आपोआप ताठ होई.