नव्या माशासाठी हलवलेले दगड

हे गेल्यापासून त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकच मासा उरला होता, निळा आणि चिडखोर. त्याला सोबत म्हणून मुलीने काल एक पिवळा मासा आणला. त्याची पिशवी टाकीत तरंगत ठेवून ती म्हणाली, "आई, आधी दगड हलवू. नाहीतर आपले हे निळे दादासाहेब त्याला फाडतील."

"ते दगड बाबांनी लावलेत गं."

"म्हणूनच. घर ओळखीचं राहिलं की मालकी गाजवतात. सगळं बदललं की दोघंही पाहुणे."

मी पाण्यात हात घातला. कमान मोडली, गुहा बुजली. निळा मासा गुहेच्या जागी पुन्हा पुन्हा येऊन थांबू लागला. पिवळा पिशवीतून सुटला आणि एका कोपऱ्यात थरथरत राहिला. एक मारेल आणि दुसरा मरेल, या भीतीने मी काचेपासून हलू शकले नाही. ओळखीची जागा गेली की जीव कशाच्या आधाराने राहतो? ह्यांची खुर्ची मी अजून खिडकीपाशीच ठेवली आहे. कुणी तिकडे वळलं की घाईने म्हणते, "इकडे बसा, तिथे ऊन येतं."

निळा एकदम पिवळ्याच्या अंगावर गेला. मी मुलीचा दंड घट्ट धरला. पण तो मध्येच वळला आणि पुन्हा आपली गुहा शोधू लागला.

"वाचला गं बाई!" म्हणत मुलगी मागच्या मागे खुर्चीत बसली. ह्यांच्याच. ऊन तिच्या तोंडावर येत होतं, पण मी काही बोलले नाही.