पाटावरून मधेच उठू नये

दिराचा फोन आला तेव्हा मी बुवापाड्याच्या घरी हॉस्पिटलात न्यायच्या डब्यासाठी डाळीला फोडणी देत होते. "वहिनी, मनीषा गेली." एवढंच बोलला आणि रडायला लागला. फोडणी करपली, मी तशीच उभी... दोन महिने झाले, तो वास अजून नाकातून जात नाही.

मनीषा माझी धाकटी जाऊ, माहेर वांगणीचं. भारी बडबडी! पाचव्या महिन्यात कळलं, पोटात जुळं आहे, दोघांत वार एकच, आणि एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातंय. मुंबईला नेऊन पोटातल्या पोटात लेझरनं ऑपरेशन केलं. नंतर दोन्ही ठोके ऐकू आले तेव्हा म्हणाली, "ताई, दोघं पण माझ्यासारखीच चिवट!" डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं होतं, अंगावरून जरा जरी पाणी गेलं तरी तडक घेऊन या. मी मान डोलावली होती.

सातव्यात डोहाळजेवण केलं. हौस माझीच. पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, तर ही म्हणते, "बाळं दोन, मी दोनदा उचलणार." बायका हसून हसून बेजार. दोन्ही वेळा बर्फीच निघाली. मग ती माझ्या कानाशी आली. "ताई, ओलं लागतंय." आणि मी, दोन पोरांची आई, मोठी शहाणी, म्हटलं, "होतं गं, मला पण व्हायचं. ओटी भरून होऊ दे, पाटावरून मधेच उठू नये." ती बसली. माझा शब्द तिनं कधी मोडला नाही... हाच एक मोडायला हवा होता. पाहुणे गेल्यावर साडी बदलून आडवी झाली ती सकाळी तापानं फणफणलेली.

पाण्याची पिशवी फुटून जंतू आत शिरले होते. मुली तेव्हाच काढल्या. एक त्याच दिवशी गेली, मनीषा चौथ्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, अशा ऑपरेशननंतर पिशवी फुटू शकते, लवकर आणली असती तरी खात्री नव्हती. घरात कुणी मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

राहिलेली मुलगी आता काचेच्या पेटीतून घरी आलीये. ओढून प्यायला तोंडात जोर नाही, म्हणून वाटी-चमच्यानं पाजते, त्या बर्फीच्याच वाटीनं. पाजताना मांडी जरा ओली लागली की मी हातातलं टाकून उठते. सासूबाई ओरडतात, "अगं, दुपटंच भिजलंय, दूध तरी पुरं होऊ दे!"

नाही म्हणते मी. आधी उठायचं.