एका कार्डावर दोन मावश्या

"फेस नॉट मॅच्ड," मशीन तिसऱ्यांदा म्हणालं आणि मागची रांग कुरकुरायला लागली.

गेटवरच्या नव्या हजेरी मशीनसमोर शाळेची निळी साडी नेसलेली बाई उभी होती. गळ्यात शाळेचं आयकार्ड. कार्डावर नाव बेबी, फोटोही बेबी मावशीचा. बेबी मावशी म्हणजे आमच्या नर्सरी-केजीच्या विंगमधली मदतनीस. मुलांना बसमधून उतरवून घेणं, डबे उघडून देणं, टॉयलेटला नेणं ही तिची कामं. मी मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरवर खेकसले, "सकाळच्या उन्हात तुमचं मशीन चालत नसेल, तर मी शाळा दुपारी भरवू का?" तो बिचारा लेन्स पुसायला लागला.

तेवढ्यात त्या बाईनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मशीन बरोबर हाय. मी वनिता. बेबीची जाऊ."

मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. बेबी पन्नाशीला आलेली, ही पस्तिशीची. नाक वेगळं, डोळे वेगळे. सारखी होती ती फक्त साडी आणि कार्ड.

मी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात अर्धं आयुष्य HR मध्ये काढलं. HR म्हणजे पूर्वी ज्याला आस्थापना विभाग म्हणायचे तोच, फक्त एसी लागला. माणसं घ्यायची, त्यांच्या रजा, बढत्या, भांडणं सांभाळायची, आणि वेळ आली तर घरी पाठवायची. तिथून सुटले आणि पनवेलच्या या शिक्षणसंस्थेत HR बघायला आले. संस्थेच्या शाळा बऱ्याच, ही शाळा कोन गावाच्या बाजूची. आल्या दिवसापासून मला एकच वाक्य ऐकवलं जातं, "मॅडम, ही शाळा आहे, कारखाना नाही." मशीनची कल्पना माझीच होती. त्यामुळे त्या सकाळी सगळा स्टाफ मजा बघत उभा होता.

वनिताला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"झाली वर्सं. सासूबाय डायलिसिसला लागल्या तवापासून."

सासूची किडनी गेलेली. आठवड्यातून तीन दिवस तिला पनवेलला हॉस्पिटलात न्यावं लागतं, आणि म्हातारी बेबीशिवाय कोणाबरोबर जात नाही. सुई लावताना बेबीचाच हात धरते. मग त्या तीन दिवशी वनिता बेबीची साडी नेसून, बेबीचं कार्ड घालून शाळेत यायची. मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, बेबीच्या नावापुढे सही करायची. उरलेले दिवस बेबी शाळेत आणि वनिता घरी.

माझं डोकं फिरलं. पगाराचं सोडा. चार वर्षांच्या पोरांना टॉयलेटला नेणारी बाई कोण, हे संस्थेला माहीत नाही? शाळेत मुलांजवळ काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं आम्ही पोलीस व्हेरिफिकेशन करतो. म्हणजे पोलीस ठाण्याकडून त्या माणसाची माहिती तपासून घेतो. हे बेबीचं झालेलं होतं. वनिताचं कसं होणार? आमच्या लेखी वनिता नव्हतीच.

मी तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं. ती गेटपर्यंत गेली तेव्हा नर्सरीच्या खिडकीतून एक पोरगी ओरडली, "गाणंवाली मावशी, टाटा!" त्या विंगमधल्या पोरांनी दोघींना केव्हाच वेगवेगळी नावं ठेवलेली होती. बेबी म्हणजे "डबावाली मावशी", वनिता "गाणंवाली". पोरांना माहीत, टीचरना माहीत, प्रिन्सिपल मॅडमना माहीत. माहीत नव्हतं फक्त HR ला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांनी बोलावलं. साहेब सत्तरीचे, शाळा स्वतः उभी केलेली, आवाज अजून खणखणीत.

"तोतयेगिरी आहे ही. दोघींना काढा."

"साहेब, दोघी नाहीत. आपल्याकडे एकच नोकरीला आहे."

"तर तिला काढा. शब्दांचे खेळ नकोत. आणि पाटकर मॅडम, इतकी वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही म्हणजे काय? माझा माणूस मी पाठमोरा ओळखतो!"

"चौकशी तरी करू. काढायचं झालं तरी नीट काढू."

चौकशी म्हणजे माणसाला समोर बसवून त्याची बाजू ऐकणं. ती न करता कोणाला काढलं तर पुढे संस्थाच अडचणीत येते. साहेब नाइलाजानं तयार झाले.

दुसऱ्या दिवशी बेबी मावशी आली ती ताठ मानेनं. मला वाटलं होतं रडेल. उलट तीच आमच्यावर चिडलेली.

"मावशी, तुम्ही दुसऱ्या बाईला आपल्या जागी पाठवलंत. बरोबर केलंत?" मी विचारलं.

"मग काय करू? खाडा करू? एक दिस तरी काम पडू दिला काय मी? इचारा टीचरला."

साहेब म्हणाले, "बेबी, नोकरी तुला दिली होती. तुझ्या जावेला नाही."

"मना नाय दिली साहेब, घराला दिली. तुमीच आमच्या ओटीवर बसून बोललेले. सासरा होता तवा. रस्त्याला जागा द्या, तुमच्या घरातला एक मानूस शाळेत घेतो."

साहेबांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. शाळेच्या गेटपर्यंत जो रस्ता येतो तो या लोकांच्या शेताच्या कडेवरून येतो, हे मला तेव्हा कळलं.

"एक माणूस म्हणालो होतो," साहेब म्हणाले.

"एकच येतं की! कदी दोघी आलो काय?"

मी मान खाली घालून पेन शोधायला लागले, कारण हसू आवरत नव्हतं. पण बेबी हसत नव्हती. तिचा आवाज पहिल्यांदा बसला. "साहेब, शाळा सोडली तर घर चालनार नाय. सासूला सोडली तर ती मरंल. तुमी सांगा, काय सोडू?"

तिचं वाक्य मी जसंच्या तसं चौकशीच्या कागदावर लिहून घेतलं. ती गेल्यावर मी साहेबांना माझा प्रस्ताव सांगितला. कारखान्यात "बदली कामगार" असतात. ही बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे. कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा, आधीच तपासलेला, काम शिकवलेला, नोंद असलेला माणूस. काम थांबत नाही आणि कोण आलंय हे गेटवर माहीत असतं. वनिताला बेबीची अधिकृत बदली करायची. स्वतःचं नाव, स्वतःचं कार्ड, स्वतःचं व्हेरिफिकेशन.

"पाटकर मॅडम, ही शाळा आहे..."

"कारखाना नाही, माहीत आहे. कारखान्यात असं दुसऱ्याचं कार्ड घालून कोणी आत आलं असतं तर मी पहिल्या दिवशी पकडलं असतं. इथे वर्षं गेली. चूक त्यांची आहेच, पण आपल्याकडे सरळ दार नव्हतं म्हणून त्या मागच्या दारानं आल्या. मी व्हेरिफिकेशनशिवाय कोणाला आत घेणार नाही, आणि या बाईला काढणारही नाही. तुम्हाला काढायचंच असेल तर पत्रावर सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "ठीक. ही एकच केस. पण लिहून ठेवा, अशी दुसरी केस या संस्थेत निघाली तर मी समजेन की तुम्ही पायंडा पाडलात. मग हाही प्रकार बंद आणि बेबीही घरी."

मी लिहून ठेवलं.

व्हेरिफिकेशन येईपर्यंत वनिताला गेटच्या आत पाऊल ठेवता येणार नव्हतं. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस विंगमध्ये मदतनीस नाही. बेबीच्या त्या दिवसांच्या रजा मी मंजूर केल्या आणि टीचर्सची मीटिंग घेतली.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं ना?"

सगळ्या आपापल्या बांगड्या बघायला लागल्या.

"छान. मग तीन दिवस मुलांना टॉयलेटला तुम्ही न्यायचं. पाळी लावून घ्या."

"मॅडम, आम्ही बी.एड. आहोत!" एकीनं तक्रार केली.

"मुलांची त्याला काही हरकत नाही," मी म्हटलं.

धुसफूस झाली, पण पाळ्या लागल्या. वनिताचं व्हेरिफिकेशन मी पिच्छा पुरवून आणलं, मेडिकल करून घेतलं, लहान मुलांशी कसं वागायचं याचं ट्रेनिंग दिलं. ट्रेनिंगमध्ये तिनेच टीचरना रडणारं पोर गाण्यावर कसं गप्प करायचं ते दाखवलं. मग एका सकाळी ती मशीनसमोर उभी राहिली. मशीन म्हणालं, "थँक यू." वनिता मशीनलाच म्हणाली, "आता कसा!" आणि नर्सरीच्या खिडकीत एकच गलका झाला. मला इतका आनंद झाला की मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

तो आनंद फार टिकला नाही.

मशीनचा दुसरा टप्पा ड्रायव्हर लोकांचा होता. चेहरे नोंदवायच्या आदल्या दिवशी साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर संतोष माझ्या केबिनमध्ये आला. सोबत एक माणूस. तशीच अंगकाठी, तसाच पांढरा शर्ट, मागून बारीक कापलेले केस तसेच.

"मॅडम, मशीन धरंल त्याच्या आदी मीच सांगतो. हा किसन, माजा भाव. साहेबांची गाडी आमी दोघं चालवतो."

मी खुर्चीत मागे टेकले. "दोघं म्हणजे?"

"घरात एक रिक्षा हाय आनि ही एक नोकरी. एक दिस मी गाडीवर, तो रिक्षावर. दुसऱ्या दिशी उलटा. दोघांना दोन्ही येता. बेबी मावशीला तुमी सांभालून घेतला, म्हनून आलो."

बेबीला सांभाळून घेतलं म्हणून हा आला, आणि हा आला म्हणून बेबी जाणार. मनात आलंच, की संतोषला सांगावं, उद्या एकट्यानं येऊन चेहरा नोंदव आणि भावाला रिक्षाच चालवू दे. कोणाला कळलं नसतं. पण मग ज्या मागच्या दारावरून मी एवढी आदळआपट केली होती, ते मीच उघडं ठेवलं असतं. मी उठले. "चला साहेबांकडे. दोघंही."

वाटेत संतोष म्हणाला, "मॅडम, नोकरी जाईल काय?"

"माहीत नाही. पण गेली तर तुझी एकट्याची नाही जाणार," मी म्हटलं. त्याला वाटलं मी भावाबद्दल बोलतेय.

साहेब पेपर वाचत होते. मी सरळ सांगितलं, "साहेब, दुसरी केस निघाली."

"बघा! म्हणालो होतो की नाही? कोण आहे?"

दोघे भाऊ पुढे झाले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.

"आज मला कोणी आणलं?"

किसननं हात वर केला.

"आणि काल?"

"मी, साहेब," संतोष म्हणाला.

"मग मणक्याच्या डॉक्टरकडे? मला उतरता येत नव्हतं तेव्हा... उचलून आत कोणी नेलं?"

"मी," किसन म्हणाला. "दुसऱ्या दिशी गाडीवर संतोष आलेला. तुमी त्याला बोललाव, काल बरा उचललास रे. तो काय बोलनार? हो बोलला."

 पाठमोरा माणूस ओळखण्याची गोष्ट मी काढली नाही. मोह खूप झाला. साहेब इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून पाठमोरा माणूसच बघत आले होते, आणि तो एक नव्हता. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी त्यांनी विचारलं, "लायसन्स आहे का रे तुझं?"

"हाय, साहेब. दोघांचा हाय."

"पाटकर मॅडम, किसनचं व्हेरिफिकेशन करून घ्या. आणि तुमच्या त्या बदलीचं एक-एक केस काय करत बसताय? नियमच करा संस्थेसाठी. सगळ्या शाळांना लागू."

"आणि बेबी?"

"बेबीचं काय?" ते चिडून म्हणाले. "तिचा प्रश्न आपण मागेच मिटवला ना?"

मी "हो साहेब" म्हटलं आणि आधी लिहून ठेवलेलं होतं ते खोडलं.

नियम झाला तसे माळीकाका आले, रात्रीचा वॉचमन आला, एका शाळेची स्वयंपाकीणबाई सुनेला घेऊन आली. सगळ्यांच्या मागे कोणी ना कोणी उभं होतं. आता त्या सगळ्यांना नाव आहे, कार्ड आहे. बेबी मावशी अजूनही तीन दिवस सासूचा हात धरून बसते आणि अधूनमधून मला ऐकवते, "बगा, शाळेत अजून एकच येतं."

माझ्या धंद्यातल्या नव्या लोकांना मी एवढंच सांगते. हजेरीचं मशीन बसवायचं तर जरूर बसवा, पण ऑर्डर देण्याआधी आठवडाभर स्वतः गेटवर उभे राहा आणि माणसांची तोंडं बघा. मशीनपेक्षा स्वस्त पडतं.

आमचे साहेब हल्ली गाडीत पुढच्या सीटवर बसतात.