सेकंड शिफ्टमधली मालिका

गणपती उठले की टीव्हीवर नव्या मालिकांच्या जाहिराती सुरू होतात. जुनं काहीतरी संपणार असतं, नवं काहीतरी येणार असतं, आणि जे एकदाचं आटोपलं म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो ते 'दुसरं पर्व' म्हणून पुन्हा उगवणार असतं. नटलेल्या बायका जिन्यावरून उतरतात, कोणीतरी वळून बघतं आणि खाली अक्षरं येतात, 'लवकरच'. हे 'लवकरच' माझ्या फार डोक्यात जातं. तारीख सांगायला यांचं काय जातं?

मला मालिका आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तरीही गेल्या वर्षी एका मालिकेची मी जशी वाट बघितली, तशी माझ्या दहावीच्या निकालाचीही बघितली नव्हती.

आम्ही मोशीला राहतो. पप्पा लग्नानंतर लातूरकडून इकडे आले आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. त्यांची सुट्टी गुरुवारी असायची आणि शुक्रवारी शिफ्ट बदलायची, त्यामुळे आमच्या घरात आठवडा शुक्रवारीच सुरू व्हायचा. फर्स्ट शिफ्ट असली की पप्पा संध्याकाळी घरी असायचे. नाईट असली की जेवून निघेपर्यंत असायचे. सेकंड शिफ्टला मात्र दुपारी जे जायचे ते आम्ही झोपल्यावरच यायचे. म्हणजे संध्याकाळची कोणतीही मालिका पप्पांनी कधी सलग बघितली नाही. दोन आठवडे बघायची, तिसरा गाळायचा. एखादी सून गेल्या आठवड्यात दवाखान्यात होती आणि आता डोहाळजेवणात बसली आहे, असंच त्यांना दिसायचं.

मधलं सगळं आई सांगायची. गुरुवारी सकाळी ती मेथीची जुडी घेऊन बसायची, पप्पा समोर चहा घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "हं, मग?" आणि आई सुरू व्हायची. सासूचा आवाज वेगळा, जावेचा वेगळा. कोणी कोणती साडी नेसली होती, कोणाचं रडणं खरं होतं आणि कोणाचं नुसतं ग्लिसरीनचं. पाल्हाळ लावायची, मधेच पदरचंही घालायची. पप्पा सारखे "मग?" म्हणायचे. मला वाटायचं, माझ्या आईबापांचा संसार हाच आहे. बाकीच्या वेळी ती दोघं गॅस, पाणी आणि माझी फी यांबद्दल बोलायची. गुरुवारी मात्र ती खरोखर बोलायची.

पप्पा निवृत्त झाले आणि हे सगळं बंद पडलं. आता ते रोज संध्याकाळी दिवाणावर आईशेजारी बसून मालिका बघायला लागले. आई मधेच शेंगांची वाटी त्यांच्याकडे सरकवायची. पप्पा मात्र कुरकुरायचे. "तू सांगायचीस त्याला जी चव हुती ती ह्याला न्हाई," म्हणायचे. आई हसायची आणि टीव्हीकडेच बघत राहायची. तिची सगळ्यांत आवडती मालिका होती दोन जावांची. एक दिवस तीही संपली.

मग श्रावणात आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, तो हळूहळू थोडा परत आला. बोलणं गेलं, ते मात्र आलं नाही. तिला सगळं समजायचं. पण तोंडातून फक्त दोन गोष्टी निघायच्या, 'हं' आणि 'नको'. पिंपरीला एक मॅडम बोलण्याचे व्यायाम घ्यायच्या, त्यांच्याकडे आम्ही तिला दर गुरुवारी दुपारी न्यायचो. मॅडम चित्रांची कार्डं दाखवायच्या. कप, गाय, छत्री. ज्या बाईने अख्ख्या घराण्यांच्या भानगडी तोंडपाठ सांगितल्या तिला कोणी छत्री दाखवून 'हे काय आहे?' विचारतंय, हे मला बघवायचं नाही. आईलाही ते सहन व्हायचं नाही. ती कार्डं डाव्या हाताने बाजूला सारायची.

मॅडम एकदा पप्पांना म्हणाल्या, "आपल्याला सांगायलाच पाहिजे, असं त्यांना आतून वाटेल असं काहीतरी शोधा. गरज पडली तर शब्द येतील."

त्याच आठवड्यात ती जाहिरात लागली. दोन जावा, तोच जिना, 'दुसरं पर्व, लवकरच'. आई कलंडून बसली होती, ती सरळ झाली. तिने डावा हात उचलून टीव्हीकडे केला आणि पप्पांकडे बघितलं. झटका आल्यापासून तिने आपणहून काही दाखवलं, ते हे पहिल्यांदा.

पप्पांच्या डोक्यात तिथेच गणित जुळलं. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाले, "मी शिफ्ट लावतो."

"कसली शिफ्ट?"

"दोन आठवडे बघायचं तिच्यासंगं. तिसऱ्या आठवड्यात सेकंड शिफ्ट. मालिकेच्या टायमाला मी खाली जाऊन बसणार. गुरुवारी इचारणार तिला, काय झालं म्हून. मला ठावं नसलं तर ती सांगंल का न्हाई? आजवर सांगितलं की."

मला हसू आलं आणि रडूही आलं. निवृत्त माणूस स्वतःलाच शिफ्ट लावत होता. पण आशा मलाही वाटली, खूप वाटली. नवरात्रात मी रोज देवीपुढे दिवा लावताना दुसरं काहीच मागितलं नाही. 'लवकरच'चं 'सोमवारपासून' झालं तेव्हा मी ऑफिसचा कॉल चालू असतानाच पप्पांना ओरडून सांगितलं.

मालिका सुरू झाली. पहिले काही दिवस आम्ही तिघांनी मिळून बघितली. दोन आठवडे थांबायचा धीर पप्पांना निघाला नाही, पहिल्याच शुक्रवारपासून त्यांनी सेकंड शिफ्ट धरली. आई रंगात आली होती. धाकटी जाऊ घरात शिरली तेव्हा तिने 'हं!' असं काही म्हटलं की त्यात तिचं पूर्ण मत आलं. पप्पांनी खालच्या बाकावरच्या मित्रांना ताकीद देऊन ठेवली, "राव, म्होरल्या आठवड्यात त्या मालिकेचा माझ्यासमोर चकार शब्द काढायचा न्हाई." ते बिचारे क्रिकेट बघणारे, काहीच न कळता हो म्हणाले.

शुक्रवारी मालिकेच्या वेळेला पप्पा उठले, चपला घातल्या आणि निघाले. जाताना आईला म्हणाले, "नीट बघ हां. मला समदं सांगायचंय." आईने त्यांच्याकडे बघितलं. दार लागलं. मी तिच्याजवळ बसले, शेंगांची वाटी तिच्या हाताशी ठेवली. त्या आठवड्यात त्या जावांच्या घरात चोरी झाली, पोलीस आले, थोरलीवर आळ आला. आई दाराकडे बघत होती. मी दोनदा म्हटलं, "आई, इकडे बघ, पप्पांना सांगायचंय ना." ती जरा वेळ टीव्हीकडे बघायची आणि मान पुन्हा दाराकडे वळायची.

गुरुवारी सकाळी पप्पांनी स्वतः मेथी आणून तिच्यासमोर पसरली. चहा घेऊन बसले. "हं, मग?"

आई मेथीकडे बघत राहिली.

"काय झालं गं त्या थोरलीचं?"

आईने एक काडी उचलली. डाव्या हाताने पानं खुडायला गेली तर अख्खी काडीच चुरगळली. पप्पा चहा तसाच धरून वाट बघत राहिले. त्यावर साय आली.

"नको," आई म्हणाली.

मी पप्पांवर उखडले. परीक्षा घेताय का तिची, मी म्हटलं, त्या कार्डांत आणि तुमच्यात काय फरक राहिला? पप्पा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गरज पडली पायजे, असं मॅडमच म्हणल्या ना? एकदा अजून बघू." त्यांना तरी दुसरा कोणता उपाय माहीत होता? त्यांच्याकडे हा एकच होता आणि तो आयुष्यभर चाललेला होता.

पुढचे दोन आठवडे पप्पा घरी होते. दिवाळी आली, गेली. रोज संध्याकाळी ती दोघं दिवाणावर. आईचा बरा हात पप्पांच्या गुडघ्यावर असायचा. मी फराळाच्या ताटल्या आणून द्यायचे आणि मनात धास्तावायचे, की पुन्हा शुक्रवार येणार.

तो आला. मालिकेचं गाणं सुरू व्हायच्या आधी पप्पा उठले. दाराशी वाकून चपला पायांनी ओढायला लागले.

"जाऊ..."

मला वाटलं टीव्हीतलं कोणीतरी. पप्पा मात्र जागच्या जागी थांबले.

"जाऊ... नका," आई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ एका बाजूला ओढले जात होते. आम्ही दोघंही हललो नाही. शब्द कुठूनतरी खोलातून एकेक करून येत होते आणि मधे इतका वेळ जात होता की मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

"एकटीनं... बघितलं. लई... लई वरसं."

टीव्हीवर गाणं सुरू झालं होतं. पप्पांच्या एका पायात चप्पल होती. मी ज्याला त्यांचा संसार म्हणत होते, पप्पा ज्याची चव आठवत होते, ते गुरुवारचं सांगणं आम्ही दोघांनी केवढं जपलं होतं. आणि सेकंड शिफ्टच्या रोजच्या संध्याकाळी ती कशी बसायची, शेजारी कोणी नसताना, हे आमच्यापैकी कोणाला कधी सुचलंच नव्हतं. मला तिच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं. पण तिला मी नको होते.

पप्पा येऊन तिच्याशेजारी बसले. तिने त्यांचा हात धरला आणि टीव्हीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी ती आणखी काही बोलली नाही, आणि पप्पांनीही काही विचारलं नाही.

गुरुवारी पिंपरीला मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. "पूर्ण वाक्यं? काय म्हणाल्या?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा खाली बघत होते.

"तक्रार केली," ते म्हणाले.

"अहो, मग हे तर फारच चांगलं आहे," मॅडम हसल्या. "जुन्या सवयीचं बोलणं आधी परत येतं. पहिल्यापासून तक्रारखोर होत्या का?"

पप्पांनी मान वर केली.

"न्हाई," ते म्हणाले, "कधीच केली न्हाई."