कागद नसलेला बी.एस्सी.

मी बी.एस्सी. आहे. हे वाक्य मी एकाच दुपारी पूर्णेत चार वेळा म्हटलं, आणि चारही वेळा समोरच्या माणसानं माझ्या तोंडाकडे न बघता खिशाकडे बघितलं. खिशात कागद नव्हता.

नव्हता, कारण मी तो घेतलाच नव्हता. नामांतराचे दिवस होते. मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या, लाठी खाल्ली होती (एकच, आणि तीही पळताना), आणि आम्ही सात मित्रांनी शपथ घेतली होती की विद्यापीठाला नवं नाव लागल्याशिवाय पदवीचा कागद हातात घ्यायचा नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्याआधी आमच्यातलं कुणी कॉलेजात गेलं असेल तर ते भिंत बांधायला. तेव्हा शपथ मला शोभत होती. फक्त ती घेताना लग्नाचा विचार केला नव्हता.

पूर्णेचे लिंबाजीमामा, मायच्या लांबच्या नात्यातले, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. त्यांची मुलगी सुमन मॅट्रिक झालेली. तिला मी एका लग्नाच्या पंगतीत वाढताना पाहिलं होतं. तिनं मला दोनदा वरण वाढलं, आणि दुसऱ्यांदा मी मागितलं नव्हतं. माझ्या बाजूनं सगळं तिथंच ठरलं. मायनं स्थळ काढलं, तर मामांचा निरोप आला: "पोरगं खरंच पास हाय का? आजकाल लय जण नापास होऊन पास सांगायलेत. कागद घेऊन या."

मी तीन रात्री झोपलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी दारात दाजी हजर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, मुंबईत एका सेठच्या गाडीवर ड्रायव्हर. त्यांच्या मागं एक लाल, जमिनीला पोट टेकलेली परदेशी गाडी उभी होती. स्टिअरिंग भलत्याच बाजूला, आणि पाठीवर इंग्रजीत 'टर्बो' लिहिलेलं.

मायनं गाडीला एक चक्कर मारली.

"सेठची गाडी तुमच्याकडं कशी, जावईबापू?"

"हैदराबादला पोचवायचीय, मामी. मधी परभणी लागती."

"लागती, का तुमी लावली?"

दाजींनी विषय बदलून मला टर्बो समजावून सांगितला. "हिच्यात लय ताकद. पण पाय दाबला की आधी ऐकतच न्हाई. आपण आणखी दाबतो, तवर ही एकदम दुपटीनं ऐकती. आणि शिवाय हिचं..."

"कळलं दाजी," मी म्हणालो. बी.एस्सी. माणसाला किती समजावून सांगायचं? कागद नाही तर नाही, ही गाडी दारात उभी राहिली की मामा कागदाचं नावच काढणार नाहीत, एवढं गणित मी करून मोकळा झालो होतो.

मामांनी दारातच कागदाचं नाव काढलं.

रेल्वे क्वार्टरची बैठकीची खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मामांचा कंदील. "मी बी.एस्सी. आहे," म्हणत मी गुणपत्रक पुढं केलं. त्यांनी ते उजेडाकडं धरलं, उलटं केलं, नखानं शिक्का खरवडून बघितला.

"हे नुसते आकडे हायेत. आकडे तर कोळशाच्या पावतीवर बी असतात. डिग्री कुठाय?"

मी शपथेची हकीकत सांगितली. मामांनी शांतपणे ऐकली.

"शपथ चांगली हाय," ते म्हणाले. "आमी बी मोर्चात होतो. पण नापास झालेल्याला बी ही शपथ लय सोयीची पडती."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी बोललो. "मामा, मी बी.एस्सी. आहे. घर्षणाच्या प्रकरणात मला वीसपैकी एकोणीस मार्क होते."

"कशाच्या?"

"घर्षणाच्या. चाक कधी पकडतं आणि कधी घसरतं, ते शास्त्र."

"तीस वर्षं झाली, मी इंजिनावर तेच बघायलोय. मला कुणी एक बी मार्क दिला न्हाई." मग खिडकीबाहेर बघून, "आणि ही गाडी कुणाची?"

मी खोटं बोललो नाही. मी नुसतं दाजींकडं बघितलं. दाजींनी मायकडं बघितलं. मायनं पोह्यांकडं बघितलं.

"बरं," मामा उठले. "कागद आला की कळवा."

म्हणजे नाही. विद्यापीठाचं नाव बदलेपर्यंत सुमनला तीन लेकरं झाली असती, आणि मी त्यांच्या बारशाला जाऊन पाळण्याजवळ उभा राहिलो असतो. आतल्या दाराच्या पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. पावलं हलली नाहीत, एवढाच काय तो आधार.

आम्ही गाडीत बसलो. क्वार्टरच्या पुढं नळ गळून गळून काळ्या मातीचा लोण्यासारखा चिखल झाला होता, आणि आमची पुढची चाकं नेमकी त्यात उभी. दाजींनी पाय दाबला. गाडीनं ऐकलं नाही. आणखी दाबला. मग गाडीनं दुपटीनं ऐकलं. चाकं जागच्या जागी गरगरली, चिखलाचा फवारा उडाला, आणि शेजारणीच्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया क्षणात काळ्या झाल्या.

"चोरीची असंल," शेजारीण मामांना म्हणाली. "म्हणून जायला भेतीय."

मी मात्र खाली उतरताना मनातून खूश होतो. परीक्षा आपल्या पायानं चालत दारात आली होती.

"दाजी, तुम्ही गाडी सांभाळा. शास्त्र मी बघतो."

"अरं पण हिचं..."

"दाजी. मी बी.एस्सी. आहे." (ही तिसरी वेळ.)

दाजी म्हणाले, "बरं, साहेब," आणि तोंड मिटून बसले. मी जमलेल्या वीस-पंचवीस माणसांना मोठ्यानं सांगितलं की घर्षण हे दाबाच्या समप्रमाणात असतं. ट्रॅक्टर फसला की आपण मागं माणसं चढवतो, तसं वजन मागं द्या. दोन धिप्पाड गँगमन डिक्कीवर बसवले. मागच्या सीटवर मायशेजारी शेजारीण बसवली (ती कुरडयांची भरपाई मिळेपर्यंत उतरणार नव्हतीच). दाजींनी पाय दाबला. गाडीचं नाक वर झालं, चाकं आणखी जोरात फिरली, आणि ती वीतभर खाली गेली.

"वजन कमी पडतंय," मी म्हणालो, आणि डिक्की उघडून स्वतः आत बसलो. पाय बाहेर सोडले. गँगमन दोन बाजूंनी लोंबकळले. "आता दाबा!"

आता चाकं नुसती दळायला लागली. ढेकळं मागं येऊन माझ्या लग्नासाठी शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर बसत होती. तरी मी आतून ओरडत होतो, "आणखी! आणखी!"

तेवढ्यात क्वार्टरच्या दारातून आवाज आला. सुमनचा. आयुष्यात ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य:

"अहो, चिखल पुढच्या चाकातून उडायलाय."

मी डिक्कीतून मान वाकवून बघितलं. मागची चाकं शहाण्या पाहुण्यासारखी स्वस्थ होती.

"तेच सांगत होतो," दाजी स्टिअरिंगवरून म्हणाले. "हिचं पुढचं चाक ओढतंय."

मामांनी धोतराचा सोगा खोचला. "उतरा, बी.एस्सी."

मी उतरलो.

"हे तर आमचं इंजिनच हाय. पुढून ओढतंय. वजन द्यावं, पण ओढणाऱ्या चाकावर द्यावं." त्यांनी मला दंडाला धरून बॉनेटवर बसवलं, गाडीकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड करून. घमेलंभर वाळू मागवून पुढच्या चाकांपुढं स्वतः पसरली. मग दाजींच्या खिडकीशी वाकले. "दुसऱ्या गिअरमधी टाका. पाय नुसता ठिवा. घसरलं की सोडा, पकडलं की पुन्हा ठिवा. ताकदीच्या इंजिनाला हळूच मागावं लागतं."

दाजींनी हळूच मागितलं. चाकांनी वाळू चावली. गाडी एखाद्या म्हशीसारखी डुलत चिखलाबाहेर निघाली.

आणि थांबली नाही. पुन्हा फसू नये म्हणून दाजी कोरडा रस्ता लागेपर्यंत थांबायला तयार नव्हते, आणि कोरडा रस्ता लागला तो बाजारात. मी बॉनेटवर चिखलानं माखून बसलेलो, मागं आत माय आणि शेजारीण, त्यामागं धावणारी माणसं. एका चहावाल्यानं विचारलं, "वरात कुणाची?" मी म्हणालो, "मी बी.एस्सी. आहे." दुसरं काही सुचलं नाही.

आठ दिवसांनी मामांचा निरोप आला. मायनं तो मला पुन्हा पुन्हा ऐकवला: "पोरगं शिकलेलं हाय का न्हाई, अजून खातरी न्हाई. पण चुकल्यावर उतरतंय, आणि सांगितलं तिथं बसतंय. सुमनला चालतंय. तारीख काढा."

लग्न झालं. कुरडया मायनं स्वतः करून पाठवल्या. पुढं किती तरी वर्षांनी विद्यापीठाला नाव लागलं, तेव्हा आम्ही सातही जण, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, रांगेत उभे राहून कागद घेऊन आलो. मी घरी न जाता थेट पूर्णेला गेलो. मामा रिटायर झाले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडं धरला, आणि विद्यापीठाच्या नावावरून सावकाश बोट फिरवलं. दोनदा. मग बोट खाली माझ्या नावावर आलं, तिथून वर्गावर, तिथून शिक्क्यावर. शिक्का नखानं खरवडून बघितला.

"खरा हाय," ते म्हणाले. मला भरून आलं.

मामांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"मंग त्या दिशी डिक्कीत कोण बसलं होतं?"