मिसला काही कळत नाही

माझी बायको परदेशात चार-पाच वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवते. सात वर्षं झाली. संध्याकाळी घरी येते, एक चप्पल दाराशी, दुसरी दोन पावलं पुढे, आणि सोफ्यावर पडते ती जेवायलाच उठते.

दमायचं खरं कारण वेगळंच आहे. शाळेचा नियम असा, की मिसला इंग्रजीखेरीज काही येत नाही असं मुलांना वाटलं पाहिजे. नाहीतर ती इंग्रजी बोलायचीच नाहीत. पहिल्या वर्षी हे सोपं होतं, कारण खरोखरच काही येत नव्हतं. पण भाजीवाल्याशी घासाघीस करता करता बाईसाहेब इथली भाषा फडाफडा बोलायला लागल्या. वर्गात मात्र चेहरा मख्ख. मुलं तिच्यासमोर तिच्याच केसांची टिंगल करतात, आणि हिने हसायचं नाही.

"सहा तास नुसतं सोंग," ती म्हणते. "त्यापेक्षा खडी फोडलेली बरी."

पण आमचा इथला मुक्काम तिच्या करारावर. मुलगी दहावीला, आणि माझ्या व्हिसावर 'पती' एवढाच हुद्दा.

करार वाढवायचा म्हणून काल मोठ्या मॅडम तास बघायला आल्या. मागच्या छोट्या खुर्चीत कशाबशा मावल्या. हिने प्राण्यांची चित्रं बाहेर काढली, तेवढ्यात दोन वेण्यांची एक पोर उठून जवळ आली. तिला रोज आजी सोडायला येते. काल शेजारीण आली होती. पोरीने हिची ओढणी धरली आणि तिच्या भाषेत विचारलं, "मिस, आजीला दवाखान्यात नेलं. ती परत येणार ना?"

हिला शब्दन् शब्द कळला. मॅडम पेन उघडून बसलेल्या. हिने सवयीने खांदे उडवले आणि गोड हसून इंग्रजीत सांगितलं, मला समजत नाही, जागेवर बस.

"माझी मलाच किळस आली," घरी आल्यावर म्हणाली.

पोरगी हलली नाही. हिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुम्हाला कळतं. मी वाघाची गंमत सांगितली तेव्हा तुम्ही हसला होतात. त्या मॅडम गेल्या की सांगा."

आणि जागेवर जाऊन हाताची घडी घालून बसली.

मॅडम खूश होऊन गेल्या. हिने दार लावलं, पोरीपुढे गुडघे टेकले आणि त्या वर्गात पहिल्यांदाच इथल्या भाषेत बोलली, "मला माहीत नाही गं. आपण दोघी वाट बघू." तेव्हा कुठे ती पोर रडली. बाकीची सतरा तोंडं उघडीच्या उघडी.

सतरा घरी बातमी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या. आज सकाळी ती पाय ओढतच गेली.

संध्याकाळी आली ती आणखी दमून.

"बोलावलं का गं मॅडमनी?"

"नाही. पोरांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही."

मग सगळं सांगितलं. सकाळी वर्गात शिरली, तर पोरं टेबलापाशी रांग लावून उभी होती. कुणाचं मांजर हरवलं होतं, कुणाचे बाबा घरी बोलत नव्हते. दोन वेण्यांची दाराशी पहाऱ्याला उभी होती आणि सगळ्यांना हळू बोला म्हणत होती. तिच्या आजीचं अजून काही कळलेलं नव्हतं.

"वर्षभराचं साठलं होतं रे त्यांचं," बायको म्हणाली, आणि चपला न काढताच सोफ्यावर बसून रडली.