मामाची जागा आणि पाच इंची मॉनिटर

भास-बिस सांगणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच केली. चोवीस वर्षं लग्नाचं शूटिंग करतोय. समोर असतं तेच कॅमेऱ्यात दिसतं, एवढं साधं गणित. म्हणून हे लिहिताना मलाच लाज वाटायलीय… तरी लिहितो.

मी मंठाळचा, तालुका बसवकल्याण. चष्मा लागला आणि कॅमेऱ्यामागचा तो चिमुकला स्क्रीन भर उन्हात दिसेना. गेल्या हंगामात एका लग्नात नेमकं मंगळसूत्र घालताना फोकस गेला. नवरीच्या बापानं तेवढाच तुकडा तीनदा लावून बघितला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं! तेव्हाच ठरवलं, बाहेरून लावायचा मॉनिटर घ्यायचाच.

कलबुर्गीच्या ओळखीच्या दुकानदाराकडून दोन ट्रायलला आणले. एक सात इंची — उन्हात झकास दिसणारा, पण वजनाला विटेएवढा. दुसरा पाच इंची — हलका, उजेड जरा कमी. दोन्हीत एक सोय होती: ज्याच्यावर फोकस बसतो त्याच्या कडेनं रंगीत रेघ उमटते. आधी लाल ठेवली, पण लग्नातल्या शालू-कुंकवात लाल कुठली कळायला? मग निळी केली.

ट्रायल गावातल्याच लग्नात. नवरीची आई आमची शेजारीण, मी तिला अक्का म्हणतो. तिचा भाऊ निंबर्ग्याचा. शेताच्या वाटणीत अक्कानं हक्कसोडीवर सही केली नाही, तेव्हापासून सात वर्षं बोलणं बंद. पत्रिका द्यायला ती स्वतः गेली, तर हा मागच्या दारानं निघून गेला. आमच्यात मंगलाष्टकांना नवरीच्या मागं मामा उभा राहतो. चुलत मामा तयार होता, पण अक्का म्हणाली, "भाऊ जिता हाय माझा. जागा मोकळीच राहू द्या." सकाळपासून प्रत्येक बसला ती रस्त्याकडं बघत होती. मला बघवेना.

मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. सात इंची हातात पेलवेना, म्हणून पाच इंची लावला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी मॉनिटरमध्ये डोकं घालून उभा. नवरीच्या मागं एका माणसाची कड निळ्या रेघेत उमटली — रुंद खांदे, डावा हात गळ्यात बांधलेला. चेहरा कळेना, अर्धा माणूस फ्रेमबाहेर. अशा वेळी रोज जे म्हणतो तेच सवयीनं तोंडातून गेलं…

"मामा, पुढं या की. तिथं कामून थांबलात?"

भटजींचा माइक माझ्या तोंडाजवळच. आवाज मांडवभर, पार रस्त्यापर्यंत गेला. मान वर केली, तर नवरीच्या मागं कुणीच नाही. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. अक्काचं तोंड एवढंसं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

भटजींनी सावरून पुढचं कडवं उचललं, तोवर मांडवाच्या तोंडाशी गडबड उडाली. अक्काचा भाऊ! डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. आठवड्यापूर्वी मोटारसायकलवरून पडला होता म्हणे. आमच्या गावात कुणाला पत्ता नव्हता. तो सरळ येऊन नवरीच्या मागं उभा राहिला. अक्कानं डोळ्याला पदर लावला आणि पदराआड हसली. माझेही डोळे भरले. तेवढा शॉट कसा साधला देव जाणे.

जेवताना तो माझ्याशेजारी बसला. "तासभर बस स्टँडवर होतो, अण्णा. आत यायचं धाडस न्हाई झालं. परतीची बस आली बी, पाय वर ठेवला बी… तेवढ्यात तुम्ही बोलावलात."

स्टँड मांडवापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथून मांडव दिसत नाही. मी 'व्हय' म्हटलं आणि खाली मान घालून जेवलो.

क्लिप कितीदा बघितली. त्यात मोकळी जागाच आहे. दुकानदारानं मॉनिटर तपासला, दोष नाही. म्हणाला, ती रेघ कधी मागच्या पडद्याच्या चुणीवरही बसते. बसत असेल. पण चुणीचा हात गळ्यात बांधलेला असतो व्हय? सात इंची परत केला, हा ठेवून घेतला.

एडिटिंगला कॅमेरामनचा आवाज आम्ही नेहमी कापतो. पण अक्का मुद्दाम माझ्या स्टुडिओत आली. म्हणाली, "बाकी काय बी काप बाबा. तेवढं 'मामा, पुढं या' राहू दे."

राहू दिलं.